चेहऱ्याचे अंदाजपत्रक

चित्रफितीच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्याचे भाडे, जनित्राचे डिझेल, ड्रोनवाल्याचा दिवस आणि संकलकाची रात्र या बाबींवर सहसा वाद होत नाही, कारण त्यांचे दर ठरलेले असतात. वाद होतो तो पडद्यावर दिसणाऱ्या माणसांच्या बाबीवर, कारण चेहऱ्याला दरपत्रक नसते आणि प्रत्येक चेहऱ्याच्या मालकाचे त्याच्या किमतीविषयीचे मत बाजारभावाच्या बरेच वर असते. प्रस्तुत लेखकाचे स्वतःच्या चेहऱ्याविषयीचे मत या नियमास अपवाद नाही, ही नोंद विवेचनाच्या आरंभीच केलेली बरी. तिचे पुरावे पुढे यथास्थळ येतील.

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला, जिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, त्या गगनबावड्यातील चित्रीकरणाचा विचार करताना मोठे चित्रपट बाजूला ठेवून लहान प्रकारच डोळ्यांसमोर आणावेत: दूधसंस्थेचा माहितीपट, भाताच्या बियाण्याची जाहिरात, पर्यटनाची तीन मिनिटे, गाण्याचा अल्बम, आणि लग्न ठरलेल्या जोडप्याचे धुक्यातून निष्कारण चालणे. अशा कामाचे अंदाजपत्रक मांडताना आधी यंत्रे लिहिली जातात, मग प्रवास, मग जेवण (जे कोल्हापूर जिल्ह्यात तांबड्या-पांढऱ्या रश्श्यामुळे कापता येत नाही), आणि या सर्वांतून जी रक्कम उरते तिच्यात माणसे बसवली जातात.

या माणसांचेही वर्ग असतात. सर्वांत वर असतो तो मुख्य कलाकार, आणि तो मुंबईहून येणार असेल तर एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा ‘स्टाफ’ येतो, म्हणजे रंगभूषाकार, केशभूषाकार आणि छत्री, खुर्ची व पाण्याची बाटली सांभाळणारा मदतनीस, आणि या साऱ्यांचा रोज निर्मात्याच्या माथी असतो. त्याचा दिवस ‘शिफ्ट’ने, म्हणजे कामाच्या ठरलेल्या तासांनी मोजला जातो, आणि ही शिफ्ट कोल्हापूरच्या हॉटेलातून निघाल्यावर सुरू होते की गगनबावड्यात पोहोचल्यावर, या प्रश्नावर जेवढी चर्चा होते तेवढी पटकथेवर झाल्याचे आढळत नाही. जाहिरात असेल तर ‘वापर’ ही आणखी एक बाब येते: तो चेहरा किती महिने, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या माध्यमात दाखवायचा यानुसार रक्कम बदलते, त्यामुळे एका वर्षासाठी, फक्त महाराष्ट्रापुरते हसणे आणि दोन वर्षांसाठी देशभर हसणे यांचे दर भिन्न असतात, जरी हसू तेच असले तरी. त्याखाली येतात ज्युनिअर आर्टिस्ट, म्हणजे गर्दीत उभे राहणारे लोक, ज्यांना कोऑर्डिनेटर नावाचा मध्यस्थ ठरावीक टक्के कापून पुरवतो. दूरचित्रवाणी मालिकांच्या जगात मानधन कामानंतर नव्वद दिवसांनी देण्याची प्रथा रूढ आहे, म्हणजे कलाकार आज रडतो आणि त्या अश्रूंचे पैसे पुढच्या ऋतूत येतात. उसाचे बिल कायद्याने १४ दिवसांत मिळायला हवे हे ठाऊक असूनही वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला मात्र ही प्रथा समजावून सांगावी लागत नाही.

कायद्याची दृष्टी या बाबतीत उद्बोधक आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन पुढच्या वर्षी जे नियम आले त्यांनुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या नावे ठेव म्हणून ठेवावा लागतो. म्हशीला कथेतली भूमिका द्यायची असेल, तर २००१ च्या नियमांप्रमाणे प्राणिकल्याणाच्या केंद्रीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो, ज्याचे कार्यालय हरयाणातील बल्लभगढ येथे आहे. म्हणजे मुलाला कायदा आहे, म्हशीला नियम आहे, आणि गावातल्या प्रौढ माणसाला ‘मामा, जरा इकडं बघा’ एवढेच आहे. या माणसाकडे पुन्हा वळावे लागेल.

चेहऱ्याच्या किमतीचा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही, कारण भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात तो अडला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी दादासाहेब फाळके यांनी चेहरे हवे असल्याची जाहिरात दिली, तेव्हा आलेले उमेदवार पाहून पुढच्या जाहिरातीत कुरूपांनी येऊ नये अशा अर्थाची पुस्ती जोडण्याची वेळ त्यांच्यावर आली. अर्थात, आपण त्या पुस्तीत मोडतो असे कोणत्याही उमेदवाराला वाटले नसावे. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात महिना दहा रुपयांवर काम करणारे अण्णा साळुंके यांना पंधरा रुपये देऊन आणले गेले, आणि पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये त्यांनीच राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या, ज्याहून अधिक सुखद घटना कोणत्याही हिशेबनिसाच्या वाट्याला आली नसेल. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साह्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि ‘सैरंध्री’ (१९२०) मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. १९२९ साली याच शहरात स्थापन झालेल्या प्रभात या चित्रसंस्थेत नटसुद्धा महिन्याच्या पगारावर होते. पडद्यावर दिसणे हे काम आहे आणि कामाला दाम असतो, ही गोष्ट या जिल्ह्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि गगनबावड्यातील सर्वांत मोठा कलाकार माणूस नाही. तो पाऊस आहे, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे क्रमप्राप्त आहे, किंबहुना नसले तरी ते टाळणे प्रस्तुत लेखकास शक्य नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पावसाचे आकडे छापून येतात तेव्हा गगनबावडा बहुधा पहिल्या क्रमांकावर असतो, आणि म्हणून शहरातल्या दिग्दर्शकाची अशी समजूत असते की तिथे पाऊस विनामानधन उपलब्ध आहे. ही समजूत पहिल्या तासात गळून पडते, कारण खरा पाऊस कॅमेऱ्याला दिसत नाही. थेंब दिसायचे तर त्यांच्या मागून प्रखर उजेड यावा लागतो आणि पार्श्वभूमी गडद असावी लागते. गगनबावड्यात उजेड मागून येत नाही, पुढून येत नाही, तो मुळी येतच नाही, आणि पार्श्वभूमी धुक्यामुळे गडद नसून पांढरी असते, त्यामुळे माणूस आतल्या बनियनपर्यंत भिजलेला असताना पडद्यावर तो कोरड्या हवेत उगाच कुडकुडत असल्याचे दिसते. शिवाय खऱ्या पावसाला ‘कंटिन्युइटी’, म्हणजे एका दृश्यातील दोन तुकड्यांत सर्व काही सारखे राहण्याचे तत्त्व, मान्य नसते. नायिका ‘तू येशील ना?’ विचारते तेव्हा तो मुसळधार असतो आणि नायक ‘येईन’ म्हणतो तेव्हा थांबलेला असतो, ज्यामुळे नायक ऊन पडायची वाट पाहत होता असा अर्थ निघतो. पत्र्यावर तो पडू लागला की संवाद ऐकू येत नाहीत, भिंगावर पडू लागला की चित्र दिसत नाही, आणि जनित्राजवळ साचू लागला की प्रकाशयोजनाकार देवाचे नाव घेतो. धुक्याची वागणूक तर याहून मार्मिक आहे, कारण ज्याचे दिवसाचे मानधन सर्वाधिक तोच कॅमेऱ्यासमोरून सर्वांत आधी नाहीसा होतो, आणि निर्मात्याला न दिसलेल्या चेहऱ्याचेही पूर्ण पैसे मोजावे लागतात. अखेर टँकर मागवला जातो. छिद्रे पाडलेल्या नळ्या उंच बांधून, मागे मोठा दिवा लावून, ठसठशीत थेंबांचा आज्ञाधारक पाऊस पाडला जातो, आणि अंदाजपत्रकात ‘पाऊस: एक टँकर’ अशी बाब चढते. गगनबावड्यात भर जुलैत पाणी विकत आणून पाऊस पाडला जातो आणि तो पाहायला शेजारच्या बांधावर माणसे खऱ्या पावसात उभी राहतात, हे कळल्यावर शहरातल्या लेखापरीक्षकाने त्या बाबीसमोर जे प्रश्नचिन्ह काढले, ते या क्षेत्रावरचे सर्वांत नेमके भाष्य मानावे लागेल.

आता लेखकाच्या चेहऱ्याविषयी आरंभी म्हटलेल्या पुराव्यांकडे वळता येईल. माहितीपटात ‘विषयतज्ज्ञ’ नावाचा एक वर्ग असतो, म्हणजे पुस्तकांच्या कपाटासमोर बसून, हातांची बोटे एकमेकांत गुंफून, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सावकाश सांगणारी व्यक्ती. अशा एका चित्रफितीच्या अंदाजपत्रकात मदत करताना प्रस्तुत लेखकाने या भूमिकेचे वर्णन ‘मध्यम वय, चेहऱ्यावर व्यासंगाची छाया, चष्मा असल्यास उत्तम’ असे लिहिले, तिच्यासमोर मानधनाच्या रकान्यात उदार मनाने शून्य घातले, आणि हे वर्णन कोणाला लागू पडते ते इतरांनी आपण होऊन ओळखावे यासाठी बैठक संपेपर्यंत वाचण्याचा चष्मा डोळ्यांवरून काढला नाही. वर्णन अचूक असल्याबद्दल त्याचे कौतुक झाले आणि भूमिका कोल्हापुरातील एका निवृत्त प्राध्यापकांना देण्यात आली. चित्रीकरणाच्या दिवशी, प्राध्यापक येण्यापूर्वी दिव्यांचा अंदाज घेण्यासाठी कोणीतरी त्या खुर्चीत बसणे आवश्यक होते. तिथे प्रस्तुत लेखकास बसवण्यात आले आणि त्याची डावी बाजू अधिक चांगली दिसत असल्याची माहिती त्याने न विचारता पुरवली, जी कॅमेरामनने प्राध्यापकांसाठी उपयोगात आणली.

येथवर सर्व गमतीचे आहे. परंतु त्याच अंदाजपत्रकाच्या तळाशी ‘स्थानिक सहभाग: चहा-नाष्टा’ अशी एक ओळ असते, आणि या ओळीत जी माणसे असतात त्यांच्याशिवाय चित्रफीत उभी राहत नाही. भाताच्या रोपलावणीचे दृश्य हवे असते, म्हणून पाठीवर प्लास्टिकची खोळ घेतलेली एखादी म्हातारी चिखलात वाकलेली सापडते, तिचा चेहरा सुंदर असल्याचे दिग्दर्शक सांगतो, ढग सरकल्याने तिला लावलेली रोपे उपटून पुन्हा लावायला सांगितले जाते, आणि ड्रोन चुकीच्या बाजूने आल्याने आणखी एकदा. तिचा दुपारपर्यंतचा रोजगार बुडतो. मग तिच्यापुढे एक इंग्रजी कागद येतो, ज्यावरील अंगठ्याने ती आपला चेहरा कोणत्याही माध्यमात, कायमसाठी आणि जगभर वापरण्याची संमती देते. काही नमुन्यांत तर जगाऐवजी संपूर्ण विश्व असे लिहिलेले असते. मुंबईचा चेहरा एका वर्षासाठी, महाराष्ट्रापुरता, लाखांत मिळतो आणि गगनबावड्याचा चेहरा अनंतकाळासाठी, ग्रहताऱ्यांसकट, एक बशी पोहे आणि अर्धा कप चहावर मिळतो. याविषयी विचारले असता ठरलेले उत्तर येते की तिने अभिनय कुठे केला, तिने तर तिचे रोजचेच काम केले. हे उत्तर चीड आणणारे आहे, आणि ते चूकही आहे, कारण रोपांची एकच ओळ तिसऱ्यांदा लावणे ही शेती नव्हे. जगातील कोणताही शेतकरी तसे करत नाही; ते फक्त नट करतात, आणि त्याबद्दल त्यांना पैसे मिळतात.

यातून कॅमेऱ्यासमोर फुकट उभे राहणाऱ्यांचे दोन वर्ग स्पष्ट होतात. पहिल्या वर्गाला दिसणे हाच मोबदला असतो. त्यात फीत कापणारे अध्यक्ष, मनोगत व्यक्त करणारे पदाधिकारी आणि चष्मा न काढणारे लेखक येतात, आणि त्यांच्याकडून खरे तर पैसे घ्यायला हवेत. दुसऱ्या वर्गाला इथे मोबदला मिळत असतो हेच कोणी सांगितलेले नसते. अंदाजपत्रक या दोघांसमोर सारखेच शून्य मांडते, आणि त्या शून्यामुळे एकाची हौस आणि दुसरीची मजुरी कागदावर सारखीच दिसू लागते.

या प्रश्नावर सर्वांत स्पष्ट भूमिका विषयतज्ज्ञांनी नव्हे, तर अशाच एका म्हातारीने मांडली. या भागात पैऱ्याची रीत आहे, म्हणजे आज एका घरची माणसे दुसऱ्याच्या शेतात राबतात आणि उद्या दुसऱ्या घरची माणसे त्याची फेड करतात, त्यात पैशांची देवघेव नसते. चहाचा कप खाली ठेवून तिने प्रॉडक्शन मॅनेजरला, म्हणजे खर्चाची पिशवी सांभाळणाऱ्या गृहस्थांना विचारले, “ह्यो रोजगार म्हणायचा का पैरा? पैरा आसंल तर तुमची माणसं लावणीला कवा येत्यात?” गृहस्थांनी आपल्या माणसांकडे पाहिले: पांढरे बूट घातलेला दिग्दर्शक, छत्रीखालचा नायक, गाडीत बसलेला त्याचा स्टाफ आणि आपली डावी बाजू पुढे करून उभा असलेला एक लेखक. या ताफ्याची चिखलात वाकण्याची योग्यता विचारात घेता पैरा फेडणे म्हणजे तिचे वर्षाचे भात घालवणे ठरले असते, म्हणून खर्चाच्या पिशवीतून रोख रक्कम देणे सर्व पक्षांना सोयीचे वाटले. आणि अंदाजपत्रकात तिच्या नावासमोर ‘कलाकार’ असे लिहून, त्या बाबीसाठी लागणारे पैसे पांढऱ्या बुटांच्या धुलाईतून वळते करण्यात आले.