वडील अडीचाव्या पानावर जातात

पहिली शॉर्टफिल्म लिहिणारा माणूस ओळखायला फार सोपा असतो. त्याला 'काय चाललंय?' विचारलं की तो 'लिहितोय' एवढंच म्हणतो आणि लांब कुठेतरी बघतो. काय लिहितोय ते विचारायची आपली पाळी असते. आपण विचारलं नाही तरी तो सांगतोच, पण जरा दुखावून.

आमच्या कोथरूडच्या इमारतीत असा एक आहे. नाव चिन्मय, पण सगळ्यांचा चिन्या. शिक्षणाने इंजिनिअर, रोज हिंजवडीला जातो. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एका एकांकिकेची प्रकाशयोजना त्याने केली होती, म्हणजे भरत नाट्य मंदिरात एक स्पॉट लावायची जबाबदारी त्याच्यावर होती. एवढ्या भांडवलावर पुण्यात माणूस जन्मभर 'नाटकातला' म्हणून मिरवू शकतो. चिन्याला मात्र सिनेमात जायचं आहे. म्हणून तो चहाला लॉ कॉलेज रोडवर जातो. कोथरूडात चहा मिळत नाही असं नाही, पण प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि तिच्या कुंपणाबाहेर उभं राहिलं तरी थोडंफार अंगाला लागतं, असा त्याचा हिशेब. तिथला फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स तो पुढच्या वर्षी करणार आहे. हे पुढचं वर्ष माझ्या ओळखीचं झालं आहे.

लिहिण्याआधी तयारी असते, आणि ती लिखाणापेक्षा जास्त चालते. पटकथेचं सॉफ्टवेअर उतरवून झालं. पटकथा कुरिअर नावाच्या फॉन्टमध्ये, बारा पॉइंटातच टाइप करायची, म्हणजे एक पान बरोबर एका मिनिटाचं होतं, हे त्याने मला समजावून सांगितलं. पण कुरिअरला देवनागरी येत नाही. तेव्हा मायमराठीतली ही कलाकृती रोमन अक्षरांत उतरली. वाचनाच्या वेळी एकाने 'काल आला होता' हे वाक्य 'काळ आला होता' असं वाचलं. पटकथेचा एकूण सूर बघता कुणाला शंकासुद्धा आली नाही.

पहिला खर्डा बेचाळीस पानांचा झाला. फिल्म दहा मिनिटांची करायची होती. मी तसं म्हटल्यावर चिन्या म्हणाला, "काका, ऑस्करच्या नियमात शॉर्टफिल्म म्हणजे श्रेयनामावलीसकट चाळीस मिनिटं चालते. दोन पानं मी काढतो." पहिल्या शॉर्टफिल्मवाल्याला जगातले सगळे नियम पाठ असतात, आणि ते सगळे त्याच्या बाजूचे असतात.

कथेचं म्हणाल तर पडद्यावर अंधार. मग गजर. मग एक हात येऊन गजर बंद करतो. मग आरसा, ब्रश, तोंडावर पाण्याचा हबका आणि आरशात स्वतःकडे रोखून बघणं. हे सगळं पान दीडपर्यंत. पहिल्या शॉर्टफिल्मचा नायक सकाळी उठल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. दुपारी बँकेच्या रांगेत उभा असलेला, आधीच दात घासून आलेला माणूस कुणी घेत नाही.

बरोबर अडीचाव्या पानावर वडील जातात. ते अडीचाव्याच पानावर का जातात, याला शास्त्र आहे. सिड फील्डच्या 1979 सालच्या 'स्क्रीनप्ले' या पुस्तकात पटकथेचे तीन अंक सांगितले आहेत. पहिला अंक साधारण पाव हिश्शाचा आणि त्याच्या शेवटी गोष्टीला कलाटणी. ते गणित दोन तासांच्या सिनेमाचं. चिन्याने ते दहा पानांवर बसवलं, भागाकार केला आणि वडिलांचा दिवस ठरला. त्याच्या बाबांनी मात्र मरायला साफ नकार दिला. "मी तुझं काय वाकडं केलंय?" एवढं विचारून ते फिरायला निघून गेले. तेव्हापासून ती भूमिका माझ्याकडे आहे.

या लेखकांचा आणखी एक खास गुण म्हणजे कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या गोष्टी लिहिणं. 'त्याच्या डोळ्यांत तीन पिढ्यांचं मौन तरळतं.' नायकाचं काम करणारा पोरगा सरळमार्गी, बँकेत कारकून. त्याने अगदी मनापासून विचारलं, "तीन कशा दाखवू रे? दोनपर्यंत जमेल." चिन्या म्हणाला, "तो सबटेक्स्ट आहे." पहिल्या पाच पानांत सबटेक्स्ट असल्यामुळे कुणी काही बोलत नाही, आणि सहाव्या पानावर नायक गच्चीत उभा राहून आधीच्या पाच पानांत काय झालं ते सगळं सलग सांगतो.

गच्ची ही अर्थात नंतर आली. पहिल्या खर्ड्यात तिथे 'एक्स्टीरियर. लडाख. पहाट' होतं. मग कुणीतरी विमानाची तिकिटं बघितली आणि पहाट सिंहगडावर झाली. मग सगळ्यांना सुट्टी एकाच दिवशी मिळेना, तेव्हा ती वेताळ टेकडीवर आली. शेवटी ती आमच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीमागे उगवली. माझ्या मते टेकडीपेक्षा टाकी चांगली होती, निदान ती कुणाच्या फिल्ममध्ये आधी येऊन गेलेली नव्हती. गर्दीचा एक प्रसंग वारीत घ्यायचा असंही ठरलं होतं. पालख्या पुण्यात आल्या की दरवर्षी निळ्या शर्टातले बरेच नायक वारकऱ्यांच्या उलट्या दिशेने हरवल्यासारखे चालताना दिसतात. हजारो माणसांचं दृश्य, आणि कुणाला जेवणसुद्धा द्यावं लागत नाही. उलट नायकालाच कुणीतरी केळं देतं.

चांगल्या शॉर्टफिल्म त्याने पाहिलेल्या नाहीत, असं मुळीच नाही. उमेश कुलकर्णींची 'गिरणी' (2005) त्याला शॉट न् शॉट पाठ आहे. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजाचा एका लहान मुलाला जाच होतो, एवढीच गोष्ट. ती पाहून चिन्याने आपल्या पटकथेत मिक्सर घातला. नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' (2009) पाहून लहान मुलगा घातला. पुढे पानं कमी करायची वेळ आली तेव्हा मुलगा गेला, मिक्सर राहिला.

मी त्याला एकदा दादासाहेब फाळक्यांचं सांगून पाहिलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, पुढ्यात कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडंथोडं चित्रण करून रोप कसं वाढतं ते मिनिटभरात दाखवलं. 'अंकुराची वाढ'. ते बघून भांडवल घालणारा माणूससुद्धा मिळाला. म्हटलं, "बघ, ना लडाख, ना पाऊस, एक वाटाणा." चिन्या बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "पण काका, त्यात कॉन्फ्लिक्ट काय?"

पटकथेचं नॅरेशन चिन्याच्या घरी, स्वयंपाकघरात झालं. वहिनी, म्हणजे चिन्याची आई, मेथी निवडत होत्या, मी आयत्या चहासाठी बसलो होतो. चिन्याने दिवा लहान केला, तो वहिनींनी पुन्हा मोठा केला, कारण मेथी दिसेना. मग त्याने वाचायला सुरुवात केली.

"वडील गेल्याचा फोन येतो. आई खिडकीत बसून शून्यात बघते. मागे गॅसवर दूध उतू जातं."

"आणि गॅस कोण बंद करतं?" वहिनींनी विचारलं.

"कुणी नाही. ते सिम्बॉल आहे, आई."

"असेल. ओटा कोण पुसतं?"

चिन्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. वहिनी देठं बाजूला करत म्हणाल्या, "तुझे आजोबा गेले तेव्हा मला शून्यात बघायला वेळ कुठे होता? माणसं येत होती. कप पुरेनात. शेजारून मागवले तर ते निळ्या फुलांचे, आपले पांढरे. कुणाला कुठला कप द्यायचा, याचाच विचार चालला होता डोक्यात. आणि तुझ्या आत्याला बिनसाखरेचा हवा होता. आपला भाऊ... आपलं, आपले वडील गेलेत, आणि ही मला तीनदा विचारते, साखर नाही ना घातलीस?"

त्या क्षणी टेबलावर एक आख्खी शॉर्टफिल्म पडली होती. बेचाळीस पानांत नव्हतं ते सगळं तिच्यात होतं, वर लोकेशन घरचं आणि कपसुद्धा आयते. चिन्या म्हणाला, "आई, मधे बोलू नकोस ना, फ्लो जातो," आणि तिसरं पान उलटलं. खरं तर मला तेव्हा त्याचे कान उपटायचे होते. पण मी नुकताच त्याच्या कथेत वारलो होतो आणि मेलेल्या माणसाने फार मतं देऊ नयेत.

चित्रीकरण एका रविवारी झालं. आईची भूमिका तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दिली होती. (वहिनी म्हणाल्या होत्या, मी मागे चहाचं बघते.) काकूंचं खिडकीतलं बसणं झकास होतं. पदर, नजर, मान, सगळं बेतशीर. मागे पातेल्यात दूध ठेवलेलं. दूध वर येऊ लागलं, सगळे श्वास रोखून उभे, आणि ऐन वेळी काकूंनी उठून गॅस बंद केला.

"कट! काकू, बंद नाही करायचा."

"अगं बाई, हो की."

पुन्हा दूध, पुन्हा शून्य, आणि पुन्हा काकू गॅसपाशी.

"काकू, दुधाकडे बघायचंच नाही!"

"बघत नाहीये रे, पण वास येतो ना!"

पिशव्या संपत आल्या. कॅमेरावाल्याने काकूंचा हात खुर्चीला बांधायचा पर्यायसुद्धा सुचवला. शेवटच्या वेळी काकूंनी खूप प्रयत्न केला. डोळे खिडकीबाहेर, मुठी घट्ट आवळलेल्या, दूध अगदी काठाशी. आणि मग चेहऱ्यावर ते दुःख तसंच ठेवून त्या उठल्या, गॅस बंद केला, फडक्याने ओट्यावरचे दोन थेंब टिपले आणि परत येऊन खिडकीत बसल्या. कुणी 'कट' म्हणालंच नाही. दूध संपलं होतं, हे एक कारण.

फिल्म सात मिनिटांची झाली. त्यातलं दीड मिनिट श्रेयनामावली, कारण कथा, पटकथा, संवाद आणि दिग्दर्शन यांना चार स्वतंत्र पाट्या आहेत आणि चारही पाट्यांवर एकच नाव आहे. गच्ची, मिक्सर आणि सहाव्या पानावरचं भाषण संकलकाने न विचारता काढलं, गजर राहिला. काकूंचा गॅस बंद करण्याचा शॉट मात्र पुरता, जसाच्या तसा आहे, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा नेमक्या त्याच जागी बायकांच्या रांगेतून नाक ओढल्याचे आवाज आले. नंतर एका मुलीने चिन्याला विचारलं, हे तुला सुचलं कसं? तो लांब कुठेतरी बघत म्हणाला, "मी ते आधीपासूनच तसं इमॅजिन केलं होतं." वहिनी मागे कप गोळा करत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण खोबऱ्याच्या वडीची बशी त्याच्यासमोरून उचलून त्यांनी काकूंपुढे ठेवली.

मला सगळ्यांनी, मेल्याचं काम छान झालं, असं सांगितलं. पोट जरा हलत होतं, एवढीच तक्रार. परवा जिन्यात चिन्या भेटला. म्हटलं, काय चाललंय? म्हणाला, "लिहितोय. वेब सिरीज आहे, आठ भागांची, याच कथेच्या आधीची. काका, दाढी वाढवायला लागा. यात तुम्ही तरुण आहात."