कुणीही व्हा, तलवार मात्र घ्या!

रोल-प्लेइंग गेम विकताना एक आश्वासन हमखास दिलं जातं : इथे तुम्ही कुणीही होऊ शकता.

मग खेळ सुरू होतो. तुम्ही निघता आडगावचं पोरकं पोर. गाव जळतं. एक दाढीवाला म्हातारा येऊन सांगतो, जगाचा उद्धार तुझ्याच हातून व्हायचाय. हातात तलवार येते.

कुणीही म्हणजे हाच.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे. तळघरं, बुटके, जादूगार, खजिना. १९८१ मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ याच मुशीतून संगणकावर आले. १९८६ मध्ये जपानने ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणला. जपानकडे सामुराई होते, भुतंखेतं होती, हजार दंतकथा होत्या. नायकाच्या डोक्यावर मात्र शिंगांचं शिरस्त्राण.

तेव्हापासून ड्रॅगन मरतोच आहे. संपत काही नाही.

२०११ चा ‘स्कायरिम’ तर इतक्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा विकला गेला, की त्यातल्या ड्रॅगनला निवृत्तिवेतन लागू व्हायला हवं. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ उत्तम आहे, मान्य. म्हणून रोज पुरणपोळीच जेवायची?

नवं द्या म्हटलं की कंपन्या अंतराळात जातात. तलवारीची लेझर होते, ड्रॅगनचा यंत्रमानव. धंदा तोच. मारा, लुटा, पुढची लेव्हल गाठा.

म्हणजे दुष्काळ जागांचा नाहीच. कामांचा आहे. माणसं उधारी करतात, घर चालवतात, साहेबाची मर्जी राखतात, एका सहीसाठी चार टेबलं फिरतात. या भूमिका नव्हेत?

ज्यांनी थोडं डोकं चालवलं, त्यांचं काय झालं बघा. शिगेसातो इतोई यांचा ‘मदर २’ जपानमध्ये १९९४ साली आला; अमेरिकेत तो ‘अर्थबाउंड’. नायक टोपीवाला पोरगा, हातात बेसबॉलची बॅट. बाबा फक्त फोनवर. पैसे बँकेत टाकतात, पोराने एटीएममधून काढायचे. मध्येच पोराला घरची आठवण येते आणि लढता लढता हात थांबतो. उतारा? आईला फोन करणं.

अमेरिकेत तो तेव्हा फारसा खपला नाही. आईला फोन करायला कोण पैसे मोजणार?

चेक मंडळींनी २०१८ मध्ये ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ केला. १४०३ सालचं बोहेमिया, नायक लोहाराचा मुलगा. जादू नाही, ड्रॅगन नाही. त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी. आधी लेखनिकाकडे जाऊन शिका. तलवार इथेही आहे म्हणा. पण बाराखडी तिच्याहून जड असते, हे निदान कुणीतरी कबूल केलं.

आणि एस्टोनियन टोळक्याचा ‘डिस्को एलिसियम’, २०१९. नायक दारू पिऊन स्वतःचं नावही विसरलेला पोलीस. झाडाला प्रेत लटकतंय, गोदी कामगारांचा संप चाललाय. तलवार नाही, नेहमीची लढाईच नाही. चोवीस कौशल्यं आहेत आणि ती डोक्यात बसून एकमेकांशी भांडतात. पहिल्याच खोलीत पंख्यावर अडकलेला टाय ओढताना हृदयविकाराच्या झटक्याने नायक मरू शकतो.

असल्या खेळाला त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये चार बक्षिसं. बड्या कंपन्यांनी धडा घेतला? टाळ्या वाजवल्या आणि तलवारीला पॉलिश करायला परत गेल्या.

आपल्याकडे हे वाचून लगेच स्फुरण चढेल. महाराजांवर गेम हवा! हवाच. पण डोळ्यांसमोर काय येतं? घोडा, तलवार, समोर गनीम. स्कायरिमला बांधला फेटा. त्यापेक्षा असं बघा : गडाला वेढा पडलाय आणि तुम्ही गडाचे कारखानीस आहात. कोठारात धान्य किती उरलंय ते फक्त तुम्हाला ठाऊक. गडाच्या प्रमुखाला, हवालदाराला, खरं सांगायचं की धीर द्यायचा?

यात तलवार उपसायची वेळच येत नाही. म्हणून हा गेम कुणी मागत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ केला. देखणा. रोल-प्लेइंग नव्हे, मारधाडीचा. पण हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या पोरीच्या हातातही शेवटी शस्त्रच.

एस्टोनियन मंडळींना संपासाठी अख्खं शहर कल्पनेतून उभारावं लागलं. आपल्याकडे तयार आहे. १८ जानेवारी १९८२, मुंबई, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार, नेते दत्ता सामंत. सामंत कशाला व्हायचं? तुम्ही व्हा गिरणगावातली खानावळवाली. महिन्याच्या बोलीवर जेवणारे गडी, पगार बंद, वाण्याचा तगादा. उद्यापासून कुणाचं ताट बंद करायचं? जो निमूट जेवतो त्याचं, की जो गावी पळेल अशी शंका आहे त्याचं?

आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. ‘गेम ओव्हर’ची पाटी लावायची सोयही नाही.

यापेक्षा अवघड ड्रॅगन कुठला?

या खेळांतल्यासारखी साथीदारांची ‘पार्टी’ जमवून गावोगाव फिरायचंय? मग तमाशाचा फड घ्या. ढोलकीवाला रुसलेला, सोंगाड्याने उचल घेऊन पोबारा केलेला, सावकार दारात, जत्रेची सुपारी तोंडावर. नारायणगावात हंगामाला फडांच्या राहुट्या पडतात, गावकरी येतात, घासाघीस होते, तारखा ठरतात. प्रत्येक राहुटीत एक अख्खा गेम बसलाय.

पुण्यातल्या गेमवाल्यांनो, प्रेरणेसाठी आइसलँडचे फोटो बघणं आता पुरे. नारायणगाव नाशिक रस्त्यावर आहे. सुमारे ७५ किलोमीटर.