भंगाराच्या भावात मरण

जुन्या तोफगोळ्यात पोलाद असतं, त्याच्या कमरेला तांब्याची पट्टी असते आणि पुंगळी पितळेची असते. भंगाराच्या दुकानात तिन्हीला भाव आहे. युद्ध किंवा सराव संपला की सैन्य निघून जातं. मागे राहिलेल्या गोळ्यापर्यंत आधी पोचतो तो पोटासाठी लोखंड वेचणारा माणूस.

नगरजवळच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. आसपासच्या गावांतली माणसं तिथे तुकडे वेचतात आणि न फुटलेला गोळा फोडताना जिवानिशी जातात. अशा बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. गोळा जमिनीवर आदळला तरी कधी कधी त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, काम करत नाही. आतली दारू मात्र तशीच राहते. वर गंज चढतो, माणसाला वाटतं मेला. मग तांब्याच्या पट्टीखाली छिन्नी लागते, हातोडा पडतो आणि अडकलेला फ्यूज त्या एका दणक्याने सुटतो.

ही गोष्ट खानदेशाला परकी नाही. भुसावळच्या आयुध निर्माणीत 1949 पासून आणि वरणगावच्या निर्माणीत 1964 पासून आपलीच माणसं राबत आहेत. वरणगावला काडतुसं होतात, भुसावळला दारूगोळ्याच्या पेट्या. या कामाचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण दारूगोळ्याचंही आयुष्य ठरलेलं असतं. मुदत संपली की तो नष्ट करावा लागतो. ते काम कोणाच्या अंगावर पडतं?

वर्ध्याजवळच्या पुलगावने उत्तर दिलं आहे. 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी, बाद झालेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी गाडीतून उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. मेलेल्यांत आसपासच्या खेड्यांतले रोजंदारीवरचे मजूर होते. त्याआधी 31 मे 2016 ला याच पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाची माणसं जळून मेली.

परदेशातलं भंगारही आपल्याकडे येतं. सप्टेंबर 2004 मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात आयात भंगारातला गोळा फुटला आणि दहा कामगार मेले. त्यानंतर भंगार जहाजावर चढण्याआधी तपासण्याचे नियम कडक झाले. जालन्याच्या भट्ट्याही भंगारावरच चालतात. त्या तपासणीत कुचराई झाली तर किंमत इथला कामगार मोजेल.

काळ गेला म्हणून धोका जात नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज स्फोटात फुटलं. 2011 मध्ये, म्हणजे 67 वर्षांनी, तिथला गाळ उपसताना जिवंत गोळा सापडला. बेल्जियममध्ये ईप्रच्या शेतात पहिल्या महायुद्धाचे गोळे आजही नांगराला लागतात, काहींत विषारी वायू असतो. त्यातला मस्टर्ड वायू तर आधी कळतही नाही. फोड येतात ते काही तासांनी.

मनात आणलं तर सरकार हे निस्तरू शकतं. भारताने 1997 मध्ये आपल्याकडचा 1,044 टन मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि 2009 पर्यंत आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली तो संपूर्ण नष्ट केला. तीच शिस्त सराव मैदानांना लावा. प्रत्येक सरावानंतर न फुटलेल्या गोळ्यांची मोजदाद आणि सफाई व्हावी. बाद दारूगोळ्याला रोजंदारीच्या मजुराचा हात लागू नये. आणि गोळ्याचं भंगार विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा, कारण त्याने घेणं बंद केलं तर वेचणाराही थांबेल.

शेतात, नाल्यात, भंगाराच्या ढिगात असं काही दिसलं तर हात लावू नका, उचलून पोलीस ठाण्यात नेऊ नका. पोरांना लांब करा, जागा लक्षात ठेवा आणि 112 ला फोन करा.