ओळखीची खूण

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत पदकांना तोटा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दुसरीतल्या चिरंजीवांकडे अबॅकसची पदकं आहेत, बुद्धिबळाच्या क्लासची आहेत, स्केटिंगची आहेत आणि एक उन्हाळी शिबिरात ‘उत्कृष्ट श्रोता’ म्हणून मिळालेलं आहे. त्याच्या तीर्थरूपांकडे मुंबई मॅरेथॉनचं आहे. शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ते मिळतं आणि पुढे वर्षभर ते दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर टांगलेलं असतं. या घरात पदकं कमी आहेत ती एकट्या आजोबांकडे. आजोबा सुभेदार म्हणून लष्करातून निवृत्त झाले. १९६३ला भरती, १९६५ची लढाई, १९७१ची लढाई, डाव्या मांडीत छर्रे. त्यातला एक अजून आत आहे. डॉक्टर म्हणाले राहू द्या, काढायला गेलं तर जास्त नुकसान. सुभेदारांनी आज्ञा पाळली.

हा छर्रा कुठल्याच यंत्राला दिसत नाही असं मात्र नाही. घाटकोपरला मेट्रो पकडताना तपासणीवाल्या पोराच्या हातातलं यंत्र मांडीपाशी आलं की टीं करतं. पोरगा विचारतो, “काका, खिशात काय आहे?” काका म्हणतात, “खिशात काही नाही, एकाहत्तर आहे.” पोरगा हसतो आणि सोडतो. २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोला जे दोन सेकंदांत कळतं, ते लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवण्यासाठी सुभेदारांचा पत्रव्यवहार चालू आहे. (कोणतं रेकॉर्ड ऑफिस, ते आम्ही सांगणार नाही. सांगितलं तर तिथे आमच्या नावाची फाइल उघडेल, आणि ती मात्र तातडीने सापडेल.)

घोळ साधा आहे. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात पदकांचं एक पान असतं. सुभेदारांच्या पानावर टंकलेखन यंत्राने चारपाच नोंदी ठोकलेल्या आहेत. १९६५चं रक्षा पदक आहे, १९७१चं संग्राम पदक आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आहे, दीर्घ सेवेचं आहे. शेवटच्या नोंदीखाली कुणा कारकुनाने शाईने तिरकी रेघ मारली आहे, पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून. त्या रेघेच्या खाली राहिला पूर्वी स्टार आणि राहिलं जखमी सैनिकाचं पदक.

न जाणणाऱ्यांसाठी थोडा खुलासा. संग्राम पदक म्हणजे, ढोबळमानाने, १९७१च्या युद्धाच्या वेळी तुम्ही नोकरीत होता. पूर्वी स्टार म्हणजे तुम्ही पूर्व आघाडीवर होता. पश्चिमेकडे असाल तर पश्चिमी स्टार. तेव्हा कागदोपत्री सुभेदार युद्धकाळात लष्करात होते, पण युद्धात नव्हते. जखम अर्थातच झाली नाही. आता तेच डिस्चार्ज बुक चार पानं मागे चाळा. तिथे ‘ओळखीची खूण’ असा रकाना आहे आणि त्यात सरकारी इंग्रजीत स्वच्छ लिहिलंय : डाव्या मांडीवर छर्ऱ्याचा व्रण. म्हणजे हा माणूस तोच हे ठरवायला सरकारला ती जखम चालते. त्याला ती झाली कुठे, हे विचारलं की सरकारकडे नोंद नसते.

सुभेदारांच्या मुलाने अर्ज केला. उत्तर आलं की युनिटकडून खात्री करावी. युनिटने कळवलं की एवढे जुने कागद आमच्याकडे नसतात, रेकॉर्ड ऑफिसला विचारा. रेकॉर्ड ऑफिसने पुन्हा कळवलं की जखमी झाल्याची त्या वेळची पार्ट टू ऑर्डर सादर करावी. फौजेबाहेरच्या वाचकांनी नोंद घ्यावी : पार्ट टू ऑर्डर फौजच काढते, फौजच छापते आणि फौजच ठेवते. सैनिकाच्या आयुष्यात लग्न, मूल, रजा, जखम असं काही घडलं की ते या आदेशात छापून आलं तरच घडलेलं असतं. सुभेदारांना तीन मुलं. त्यातल्या दोघांची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे. तिसरा, म्हणजे अर्ज करणारा मुलगा, पेन्शनच्या कागदांत बरीच वर्षं जन्मलेलाच नव्हता.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्याकडचा ज्ञानदेव उत्तरेकडच्या कारकुनाच्या हाती लागला की ग्यानदेव होतो, पाटलाचा पटेल होतो आणि मधलं वडिलांचं नाव कधी आडनाव होऊन बसतं. जन्मतारखेचं विचारू नका. गावच्या मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जून ही एकच तारीख वाटून दिली आहे. एकाच गावचे, एकाच नावाचे, एकाच तारखेला जन्मलेले दोन शिपाई एकाच पलटणीत असले, तर एकाचं पदक दुसऱ्याच्या छातीवर जाणं हा गुन्हा नाही, शक्यता आहे.

सातारा जिल्ह्यात हा गोंधळ इंग्रजांनी मुळातच टाळला होता. तिथल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत : या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे, नावं नाहीतच. नाव लिहिलंच नाही तर चुकणार कुठून?

नौदलवाल्यांचं त्या मानाने बरं. खलाशांचं रेकॉर्ड इथेच, मानखुर्दच्या चीता कॅम्पला. एक बस पकडली की खिडकीपर्यंत तरी जाता येतं. लष्करात मात्र रेकॉर्ड पलटणीच्या घरी राहतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं, म्हणजे फौजेच्या यांत्रिकी शाखेचं, सिकंदराबादला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने मांडीत छर्रा घेऊन मुलुंडहून सागरला जाऊन विचारायचं, की साहेब, मला छर्रा कुठे लागला होता?

पत्रांच्या वेगाबद्दल एक जुनी गोष्ट आठवते. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. आपल्या पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने, म्हणजे जंगी पलटणीने, गावाची नाकेबंदी केलेली. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी पलटणीच्या कमांडरला पत्र धाडलं, शरण या. त्याच दिवशी उत्तर आलं, सविस्तर, आणि कागदाच्या घडीत रायफलची एक गोळी गुंडाळलेली. सुभेदार म्हणतात, “दुश्मन होता, पण टपालाला पक्का होता. पत्राची पोच, उत्तर आणि सोबत जोडपत्र, सगळं एका दिवसात.” त्यांच्या स्वतःच्या अर्जाला आलेल्या ताज्या उत्तरात जोडपत्राचा उल्लेख आहे, जोडपत्र मात्र नाही.

आता कुणी म्हणेल, इतक्या वर्षांनी मागच्या तारखेने पदक कसं द्यायचं? सरकारला ते उत्तम जमतं. परमवीर चक्र स्थापन झालं २६ जानेवारी १९५० रोजी आणि लागू झालं १५ ऑगस्ट १९४७पासून. त्याचं रेखाटन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने स्वित्झर्लंडच्या. एका मराठी फौजी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. बॉम्बे सॅपर्सच्या रामा राघोबा राणे यांनी नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढले ते एप्रिल १९४८मध्ये, तेव्हा हे पदक अस्तित्वातही नव्हतं. तरी ते त्यांना मिळालं. ब्रिटनने आर्क्टिकच्या बर्फात जहाजं नेणाऱ्या खलाशांसाठी वेगळा स्टार काढला तो २०१२-१३मध्ये, युद्ध संपून सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांनी. देण्याची इच्छा झाली की तारीख मागे सरकवता येते. सुभेदार तर नवं पदक मागतच नाहीत. सरकारनेच काढलेलं, सरकारनेच ठरवलेल्या अटींत बसणारं जुनं पदक ते मागतात.

अमेरिकेत असल्या माणसांना निदान सबळ कारण मिळतं. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटीहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या. तिथला म्हातारा म्हणू शकतो, माझं रेकॉर्ड आगीत गेलं. आपल्याकडे आगीवर खर्च करत नाहीत. पेन्शन न मिळवता बाहेर पडलेल्या सैनिकांचे कागद साधारण २५ वर्षं ठेवून नियमाप्रमाणे नष्ट करतात आणि मग त्याच नियमाप्रमाणे सैनिकाकडे पुरावा मागतात.

बरं, आपले सुभेदार पडले सुभेदार. सॅम माणेकशॉ फील्ड मार्शल होते. १९७३ साली ते पद मिळालं, आणि त्या पदाचा रीतसर पगार व थकबाकी, कोटीहून जास्त रक्कम, हाती पडली २००७ साली, राष्ट्रपती कलामांनी लक्ष घातल्यावर, वयाची नव्वदी ओलांडल्यावर. फील्ड मार्शलला चौतीस वर्षं, या त्रैराशिकाने सुभेदाराला किती, हे गणित तिसऱ्या मजल्यावरच्या अबॅकसपटूला घालून पाहिलं. त्याने बोटं हलवली आणि विचारलं, “आजोबा तोपर्यंत असतील का?”

यात सगळ्यांत सरस कहाणी इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची. ईएमईतला जवान, १९६५च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला, पोहायला शिकला आणि १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जागतिक विक्रमासह भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण घेऊन आला. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी विचारणा केली, नाही म्हणाले. २०१८ला पद्मश्री मिळाली. २०२४ला त्यांच्यावर सिनेमा आला. अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५मध्ये, तोही जीवनगौरव विभागात. क्रम बघा : आधी गोळ्या, मग सुवर्ण, मग नकार, मग सिनेमा, मग पुरस्कार. आमच्या सुभेदारांच्या मुलाने हे वाचून वडिलांना गंभीरपणे सुचवलं की सिनेमावाल्यांना भेटू या, अंधेरीला सगळे असतातच. सुभेदारांनी त्याला सावधानमध्ये उभं केलं.

दुसरी सूचना सुनेची होती. छावण्यांच्या बाजारात गणवेशाची दुकानं असतात, तिथे प्रत्येक पदकाची नक्कल रिबिनीसकट थोडक्या पैशांत मिळते. नोकरीतले जवानसुद्धा अस्सल पदक यायला उशीर होतो म्हणून तिथूनच घेतात. “आणू या की दोन,” ती म्हणाली, “सव्वीस जानेवारीला कोण तपासणार आहे?” सुभेदार म्हणाले, “सूनबाई, नोंद नसताना लावलं तर तो तोतया. दुश्मनाच्या गोळीने मी तोतया झालो नाही, रिबिनीने होऊ?”

सव्वीस जानेवारीला सोसायटीने त्यांच्याच हस्ते झेंडा फडकवला. शाल, श्रीफळ आणि अ‍ॅक्रिलिकचं सन्मानचिन्ह. त्यावर ‘शूरवीर कर्नल’ असं छापलेलं होतं. सुभेदारांना रेकॉर्ड ऑफिसने न दिलेली बढती आमच्या कमिटीने विनाअर्ज दिली. बाहेरच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो अंगठ्याएवढा आणि भावी नगरसेवकाचा दाराएवढा होता. फोटोतल्या सुभेदारांच्या छातीवर मात्र फ्लेक्सवाल्या पोराने संगणकावर आठ पदकं चिकटवली होती. त्यात एक रशियन होतं.

एवढं पाहून आम्ही संरक्षण मंत्रालयाला नम्र प्रस्ताव पाठवत आहोत. यापुढे प्रत्येक प्लाटूनबरोबर अंधेरी कोर्टाबाहेरचा एक नोटरी द्यावा. त्यांना उन्हापावसात छत्रीखाली बसून, दोन्ही पक्ष न बघता सही-शिक्का मारायची सवय आहेच. छर्रा लागताक्षणी पंचनामा, दोन साक्षीदार, शक्यतो एक शत्रूपक्षाचा, आणि तीन प्रती. जखमी जवानाने बेशुद्ध पडण्यापूर्वी पोचपावती मागून घ्यावी. रक्ताचा डाग मूळ प्रतीवर पडल्यास तो साक्षांकित करून घ्यावा.

प्रस्ताव मंजूर होईपर्यंत, ज्यांच्या घरी कपाटात एलआयसीच्या पॉलिसीखाली एखादं डिस्चार्ज बुक आहे, त्यांनी ते आज काढावं. पदकांचं पान आणि ओळखीच्या खुणेचं पान शेजारी शेजारी ठेवून वाचावं. फरक दिसला तर आर्मी नंबर, हुद्दा, युनिट आणि तारखांसह रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करावा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत एक प्रत पाठवावी. दाद नाही लागली तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून, आपलं मूळ सेवापत्रक आणि त्या वर्षीच्या पार्ट टू ऑर्डर मागाव्यात. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे, पण तिथे सहा महिन्यांच्या आत जायचं, म्हणून नकाराचं पाकीट तारखेसकट जपावं. आणि हे सगळं म्हातारा जिवंत असताना करावं, कारण कुठल्या नाल्यापाशी छर्रा लागला हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. झेरॉक्स वाटेल तेवढ्या द्याव्यात. मूळ पुस्तक कुणाच्या हाती देऊ नये, सत्काराला आलेल्या मंत्र्याच्याही नाही.