गाडी ठरली की निघणारे काका

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक काका स्वतःच्या गाडीने लंडनला जाणार असतात. बहुधा कारखान्याच्या क्वालिटी खात्यातून निवृत्त, मुलगी अमेरिकेत, गुडघे अजून शाबूत. मार्ग ठरलेला असतो. औषधांची यादी लॅमिनेट झालेली असते. अडलेलं असतं फक्त गाडीवर.

आत राहता येईल अशी गाडी, पण लहान हवी आणि दणकट हवी, एवढीच अट. पण ती घालून काकांनी जगातल्या सगळ्या वाहन कंपन्यांना घरी बसवलंय. फोर्स ट्रॅव्हलर? आत ताठ उभं राहता येतं, घराणंही इथलंच, आकुर्डीचं. पण वाटेत समुद्रापार न्यायची म्हटलं की उंची आडवी येते. साध्या कंटेनरचं दार जेमतेम 2.28 मीटर, त्यातून ती जात नाही. मग गाड्या चालवत आत नेतात त्या रो-रो जहाजावर चढवायची, म्हणजे चावी परक्या खलाशाच्या हाती द्यायची. काका वॉचमनलासुद्धा चावी देत नाहीत.

बरं, गुरखा? ती कंटेनरमध्ये बसते, पण आत माणूस वाकूनच राहणार. छप्पर कापून वर उघडणारं करावं, तर आरटीओ पुढ्यात उभं. शिवाय बीएस-6 इंजिनाला शुद्ध डिझेल लागतं. मध्य आशियातल्या आडगावच्या पंपावर गंधकवालं डिझेल मिळालं की धुराड्यातला फिल्टर तुंबलाच. हे सांगताना काका इतके खिन्न होतात, की आपल्याला वाटावं हे काल रात्रीच तिथून ढकलत आले.

मनातली खरी म्हणजे टोयोटाची सत्तर सीरिज लँड क्रूझर. 1984पासून आहे, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात तिच्यावर घरं चालतात. पण ती इथे विकत नाहीत. जुनी आणावी म्हटलं, तर तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही, आणि नवी आणायची तर ड्युटी भरण्यासाठी फ्लॅट विकावा लागेल. ‘मग गाडीतच राहू,’ असं काका एकदा म्हणाले होते. काकूंनी त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही.

काकांचं दैवत म्हणजे गुंथर होल्टॉर्फ नावाचा जर्मन गृहस्थ. मर्सिडीजच्या एकाच जी-वॅगनने, मागे गादी टाकून, सव्वीस वर्षांत जवळजवळ नऊ लाख किलोमीटर हिंडला. 2014मध्ये प्रवास संपवला, आणि ती गाडी स्टुटगार्टच्या संग्रहालयात गेली. ही कथा आल्यागेल्याला ऐकवली जाते. काकू एकदा चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, “त्यांनी गाडी पसंत करायला किती वर्षं घेतली हो?”

परवा काकांनी पार्किंगमध्ये खडूने गाडीचा तळ आखला. इथे गॅस, इथे पाण्याची टाकी, इथे पलंग, सहा फूट बाय चार. मग टेप खिशात टाकून स्वतः त्यावर आडवे झाले आणि काकूंना शेजारी बोलावलं, कुशीवर वळायला जागा पुरते का बघायला. तिसऱ्या मजल्यावरून लोक बघत होते. काकू चौकोनाबाहेर उभ्या राहूनच म्हणाल्या, “अहो, संडास कुठंय?” काकांनी खडूचा एक गोल दाखवला. तो गॅसला लागून होता.

कार्नेटचीही फाइल आहे. इराणसारख्या देशात गाडी जकात न भरता तात्पुरती न्यायची, तर हे कागद लागतात, आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशेबाने बँक गॅरंटी ठेवावी लागते. म्हणजे गाडी जितकी जुनी आणि स्वस्त, तितकं बरं. या न्यायाने आपली अल्टोच सर्वात योग्य, असं काकूंनी सुचवलं. फाइल तेव्हापासून माळ्यावर आहे.

अशात बी विंगमधलं जोडपं सेकंडहँड ईकोच्या मागच्या सीट काढून, प्लायवूड ठोकून नेपाळला जाऊन आलं. सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरला, पोखऱ्याला आठवडाभर राहिले, आले. सगळी सोसायटी गाडीभोवती जमली. काका टायरपाशी उकिडवे बसले. “ग्राउंड क्लिअरन्स काय?” त्या पोराला सांगता येईना. “आणि नेपाळला कार्नेट लागत नाही,” काका आम्हाला म्हणाले, “म्हणजे ते परदेशात धरत नाहीत.”

काकूंनी मात्र त्या मुलीला बाजूला घेऊन दोन-चार प्रश्न विचारले. पहिला संडासाचाच. उत्तर पटलेलं दिसलं, कारण त्या आत चढल्या आणि गादी दाबून बघितली.

“थांबा, उंची घेतो,” म्हणत काका टेप आणायला वर गेले. खाली आले तेव्हा ईको चांदणी चौकापर्यंत एक चक्कर मारायला गेटबाहेर पडली होती. काकू पुढच्या सीटवर होत्या.