ऐकू न येणारं व्हायोलिन: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! हदगावात राहून सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचं तुम्ही ठरवलंत. सोयाबीनच्या भावावर विसंबण्यापेक्षा हे बरं, असं म्हणणारा मीच पहिला असेन. खालच्या पायऱ्या क्रमानं चढा. उतरायची सोय शेवटी सांगितली आहे.

१. जन्म गोव्यात घ्या. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, आणि पुढे मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंतल्या खुर्च्या त्याच पोरांनी भरल्या. माजोर्ड्याला १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. तुमचा जन्म हदगावात होऊन गेला असेल, तर निदान पाचव्या वर्षी सुरुवात करा. तेही वय उलटलं असेल तर फार वाईट वाटलं. पुढे वाचा.

२. शिकलेलं विसरा. हिंदुस्थानी व्हायोलिन मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून वाजवतात. इथं खुर्ची आहे, वाद्य हनुवटीखाली आहे, तारा वेगळ्या सुरांत लावलेल्या आहेत आणि मींड पूर्ण बंद. एकदा मींड घेतलीत की शेजारचा बघतो. दुसऱ्यांदा घेतलीत की सगळे बघतात. तिसऱ्यांदा बघायला तुम्हीच नसता.

३. घोड्याची सोय बघा. बोला, म्हणजे व्हायोलिनच्या गजाला, घोड्याच्या शेपटीचे दीडशे-दोनशे केस लागतात. सुदैवानं माळेगावची खंडोबाची यात्रा आपल्याच नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात भरते, आणि घोड्यांचा बाजार तिथला नावाजलेला. व्हायोलिनसाठी वडलांकडे पैसे मागू नका, घोड्यासाठी मागा. घोडा कशाला पाहिजे, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही.

केसांना राळ लावावी लागते. राळ नसेल तर बो तारेवरून नुसता घसरतो, आवाज जवळजवळ निघतच नाही. हे ज्ञान जपून ठेवा, पाचव्या पायरीवर कामाला येईल.

४. पडद्यामागं वाजवा. परदेशातल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांत परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्ये पडदा लावतात. चपलेच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये म्हणून काही ठिकाणी खाली गालिचाही अंथरतात. रिचर्ड स्ट्राऊसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान महिनोन् महिने घोटायचं आणि काही मिनिटांत वाजवून बाहेर पडायचं. तुम्ही हदगावचे आहात हे पडद्यामुळे कळत नाही, हा फायदा. आमदारसाहेबांचं पत्रही दिसत नाही, हा तोटा त्याहून मोठा.

५. दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत, शक्यतो मागं बसा. दोघांत एक स्टँड असतो. आतल्या बाजूच्यानं पान उलटायचं आणि तेवढा वेळ वाजवायचं नाही. ही तुमची हक्काची सुट्टी. बो वर न्यायचा की खाली, हे पुढच्या खुर्चीवरचा माणूस ठरवतो. तुम्ही मत मांडू नका. मतापेक्षा हिशेब महत्त्वाचा: दहा व्हायोलिनं एकदम वाजली की कानाला आवाज दहापट नव्हे, साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे तुम्ही मनापासून वाजवलंत काय आणि राळ न लावता वाजवलंत काय, दहाव्या रांगेतल्या श्रोत्याला सारखंच. हा हिशेब पगार देणाऱ्याला कळू देऊ नका.

६. घरच्यांची समजूत काढा. व्हिडिओ दाखवलात की मामा विचारणारच:

“यातला तुझा आवाज कोणचा?”

“वेगळा ऐकू येत नाही मामा. ऐकू आला तर चुकलं समजायचं.”

“एवढे जण एकच वाजवायलेत, मंग एकानं वाजवून भागत नाही का?”

उत्तर देऊ नका. हाच प्रश्न १९८० नंतर सिनेमावाल्यांना पडला. त्याआधी एकेका गाण्याला डझनावारी व्हायोलिनवाले शिफ्टवर येत, समोर ठेवलेलं नोटेशन वाचून वाजवत आणि पाकीट घेऊन जात. तबकडीवर नाव संगीतकाराचं. मग सिंथेसायझर आला. तो पान उलटत नाही, चहा मागत नाही.

मानेवर डाव्या बाजूला डाग पडेल. तो हनुवटीखालच्या वाद्याचा आहे, हे मुलगी बघायला जाण्याआधी मध्यस्थाच्या कानावर घाला.

७. नोकरी शोधा. २००६ साली मुंबईत एन.सी.पी.ए.मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्याचे संगीत दिग्दर्शक मरात बिसेनगालिएव्ह कझाकस्तानचे. सुरुवातीची कित्येक वर्षं बहुतेक खुर्च्यांवर परदेशी वादक होते, त्यांत कझाक पुष्कळ. म्हणजे नरिमन पॉइंटला पोचायचा रस्ता नांदेडवरून जातो की अल्माटीवरून, हे तुमचं तुम्ही ठरवा. नंदीग्राम एक्सप्रेस अल्माटीला जात नाही.

८. नाव कमवा. तीन मार्ग आहेत. पहिला, गर्दीतून उठून एकटं वाजवा. प्रभाकर जोगांनी तेच केलं. त्यांच्या व्हायोलिनवर गाण्याचे शब्द ऐकू येतात, असं लोक म्हणायचे. दुसरा, वाद्यच सोडा. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी उभी केली. पोरानं मात्र १९५४ मध्ये व्हिएन्ना गाठून हातात वाद्यवृंद-संचालकाची काठी घेतली. अख्ख्या मंचावर आवाज न करणारा तो एकटा, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नाव त्याचंच.

तिसरा मार्ग चिकाटीचा. एखादा हुशार शिष्य घडवा. तो संगीतकार होईपर्यंत थांबा. गोन्साल्विसांचे शिष्य प्यारेलाल. त्यांच्या संगीताच्या, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव गाण्यात आलं आणि देशभर पोचलं. गुरुजी तोवर सिनेमा सोडून गेले होते. नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आजही भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येणारे अमिताभच उभे राहतात, पण तुम्ही एवढं चिकित्सक होऊ नका.

९. उतरायची सोय. गणपतीत गावोगाव ऑर्केस्ट्रा येतो. त्यातल्या कीबोर्डवाल्याशी ओळख काढा. त्याच्या यंत्रावर ‘स्ट्रिंग्ज’चं बटण असतं. ते दाबलं की एका बोटात व्हायोलिनांची अख्खी रांग. मान दुखत नाही, घोडा लागत नाही, आणि मामांनाही आवाज कोणचा ते कळतं. फक्त बिदागी आधी ठरवा आणि निम्मी मंडळाकडून आगाऊ घ्या. विसर्जनानंतर अध्यक्ष फोन उचलत नाहीत.