राष्ट्रीय खेळ, शेजाऱ्यांनी पाहावा

तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा वंशवृत्तान्त मराठीत कोरलेला आहे. सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरून घेतला. संशोधक मंडळी सोडली तर तो पूर्ण वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. अभिमान मात्र सगळ्यांना आहे. भारतीय हॉकीची गत याहून वेगळी नाही, आणि आमचे तंजावरचे मामा या दोन्ही अभिमानांचे वतनदार आहेत.

मामांना आठही सुवर्णपदकांची सालं पाठ. २८, ३२, ३६, ४८, ५२, ५६, ६४, ८०. म्हणताना आवाज असा लागतो, की ध्यानचंदांना पहिला पास मामांनीच दिला असावा. हॉकी हा राष्ट्रीय खेळ आहे, हे त्यांचं दुसरं पालुपद. एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा २०१२ साली क्रीडा मंत्रालयानेच कळवलं की असा कुठलाही खेळ आम्ही जाहीर केलेला नाही. मामांनी ते उत्तर वाचलं आणि मंत्रालयालाच देशद्रोही ठरवलं.

तर, १० डिसेंबर २०२५ची संध्याकाळ. चेन्नईत ज्युनियर विश्वचषकाचा शेवटचा दिवस, भारत-अर्जेंटिना कांस्यपदकाची लढत. मामा ओट्यावर बसून मोबाईलवर संतापत होते. देशात विश्वचषक चाललाय, चोवीस संघ आलेत, चेन्नई आणि मदुराईत प्रवेश फुकट आहे, आणि या देशाला टीव्ही लावून पाहायची अक्कल नाही! संताप एकामागून एक नातेवाइकांच्या चार गटांवर रवाना झाला. आत टीव्ही चालू होता. त्यावर एक सून सासूच्या पाया पडत होती. शोकेसमधली तंजावरची बाहुली पंख्याच्या वाऱ्यावर मान डोलावत होती आणि मामींचं पूर्ण लक्ष सुनेकडे होतं.

"मामा, सामना लावू का?" मी विचारलं.

"नको रे. ०-२ने मागे आहोत. बघवत नाही."

शेवटच्या अकरा-बारा मिनिटांत आपल्या पोरांनी चार गोल मारले. ४-२. निकाल मोबाईलवर आला तसे मामा धोतर सावरत आत धावले, मामींच्या हातून रिमोट घेतला आणि पदकवितरण उभ्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी कॉफी पिता पिता त्यांनी चारही गोलांचं वर्णन केलं. तेही असं, की प्रशिक्षक श्रीजेशने टिपून घ्यावं.

आदल्या रात्री, म्हणजे ९ तारखेला, कटकला भारत-दक्षिण आफ्रिका ट्वेन्टी-२० होती. आफ्रिका ७४ धावांत गारद. तो सामना मामांनी नाणेफेकीपासून जाहिरातींसकट पाहिला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "तो बघावा लागतो. हॉकी मनात असते."

हॉकी टीव्हीवर पाहू नये यामागे त्यांचं शास्त्रही आहे. १९७५ साली क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा देश रेडिओला कान लावून बसला होता. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आलं, दिल्लीच्या आशियाई खेळांची अंतिम लढत लोकांनी डोळे फाडफाडून पाहिली आणि पाकिस्तानने सात गोल केले. आपला एक. निष्कर्ष उघड आहे: हॉकी ऐकावी, फार तर आठवावी.

पण मामांना दोष देऊन कसं चालेल? सगळा देश याच शास्त्राने चालतो. सप्टेंबर २००७. चेन्नईतच आपण कोरियाला ७-२ असं धुऊन आशिया कप जिंकला. पंधरा दिवसांनी धोनीच्या पोरांनी जोहान्सबर्गला ट्वेन्टी-२० विश्वचषक आणला, आणि क्रिकेटपटूंवर बक्षिसांचा पाऊस पडला. कर्नाटकातले हॉकीपटू मुख्यमंत्र्यांच्या दारात उपोषणाला बसायला निघाले, तेव्हा सरकारला आठवलं की आणखीही एक कप आला होता. त्या आशिया कपच्या महिनाभर आधी 'चक दे इंडिया' पडद्यावर आला होता आणि लोक तो दोन-दोनदा पाहत होते. हॉकीत शाहरुख खान असला की आपल्याला हॉकीचं काही वावडं नाही.

सप्टेंबर २०२५. राजगीरला पुन्हा आशिया कप, पुन्हा समोर कोरिया, या वेळी ४-१. तारीख ७. दोनच दिवसांनी आखातात क्रिकेटचा आशिया कप सुरू झाला आणि 'आशिया कप' म्हटलं की लोक विचारू लागले, "पाकिस्तानशी कधी आहे?" महिनाअखेरीला आपण पाकिस्तानला हरवलं, पण ट्रॉफी काही घेतली नाही. म्हणजे हॉकीवाल्यांनी कप घेतला तो कोणी पाहिला नाही, आणि क्रिकेटवाल्यांनी कप घेतला नाही तो देशभर पाहिला गेला.

मराठी-तमिळ देवाणघेवाणीत तंजावरकडे आम्ही व्यंकोजीराजे पाठवले, आणि तमिळ घरातला धनराज पिल्ले आम्हाला खडकीत आयता मिळाला. चार ऑलिम्पिक खेळलेला माणूस! हिशेबात आम्हीच फायद्यात. मामांच्या शेजारच्या अरियलूर जिल्ह्यातून कार्ती सेल्वम भारताकडून खेळतो. २०२३च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात चेन्नईतच मलेशियाविरुद्ध पहिला गोल त्याचा होता. मामांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "आपला पोरगा? मग टीव्हीवर का नाही दाखवत?" दाखवलं होतं. अंतिम सामनाही दाखवला होता, १-३ वरून ४-३. मैदानात जाऊन पाहायला मात्र त्या दिवशी चेन्नई ३४० किलोमीटर लांब पडली. आयपीएलसाठी चेपॉकला जाताना हे अंतर का कोण जाणे कमी होतं, आणि चेपॉकहून हॉकीचं मैदान रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे.

शेवटी मी त्यांना कोंडीत पकडलं. "तुम्हीच पाहत नाही, मग प्रेक्षक नाहीत म्हणून कोणावर ओरडता?" मामा शांतपणे म्हणाले, "अरे, टीआरपी मोजायची पेटी देशात मोजक्याच घरांत असते. आपल्याकडे नाही. मी पाहिलं काय न पाहिलं काय, आकडा तोच. पेटीवाल्यांनी पाहायला नको?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामींनी तेवढ्यात रिमोट परत घेतला.

राष्ट्रीय संघाचा प्रायोजक २०१८पासून ओडिशाचं सरकार आहे. देशभरच्या अभिमानाचा खर्च एक राज्य उचलतं, बाकीची राज्यं ऊर भरून येण्याचं काम वाटून घेतात.

वाचकहो, ऑगस्ट २०२६मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमला हॉकीचा विश्वचषक आहे. भारताचा पहिला सामना असेल तेव्हा टीव्ही लावा. कंटाळा आला तर खुशाल बंद करा. पण मग रात्री ओट्यावर बसून देशाच्या नावाने बोटं मोडू नका.